त्रेचाळीस फूट दोन इंच

आमचे ओव्हरसियर अंघोळीच्या साबणाची नवी वडी आणली की आधी तिची जाडी मोजत. मग रोज अंघोळ झाली की मोजत. वडी संपेपर्यंत तिचा आलेख न्हाणीच्या भिंतीवर लागलेला असे आणि त्याखाली बारीक अक्षरात शेरा: 'शेवटी झीज नाही, एकदम तुकडा.' मी हे स्वतः पाहिलं आहे म्हणून लिहितो. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला हसलो असतो.

पंचावन्नच्या आसपासची गोष्ट. पिंपरीच्या माळावर एका मोठ्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, आणि तिथं मोजमापं लिहून घेण्याच्या कामावर मी नुकताच लागलो होतो. मी चिखलीचा. इंद्रायणीकाठी आमची शेती. आमच्या घराण्यात माझ्या आधी कुणी चौथीच्या पुढं गेलं नव्हतं. मी पुण्याला राहून बी.एस्सी. झालो. हे मी त्या काळी दिवसातून एकदा तरी कुणाला सांगत असे, आणि आजही संधी आली तर सोडत नाही. माझे वरिष्ठ म्हणजे हे ओव्हरसियर. ते पदवीधर नव्हते. तेही मी सांगत असे.

गृहस्थ कोकणातले. तीस वर्षं समुद्रकाठचे रस्ते आणि बंगले बांधून निवृत्त झालेले, आणि घरी करमेना म्हणून पुन्हा कामाला लागलेले. खाकी अर्धी विजार, डोक्यावर हनुवटीखाली नाडी बांधलेली टोपी, खिशात घडीची फूटपट्टी. बायको पूर्वीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. बोलता बोलता समोरच्या दगडावर अंगठ्याचं नख ओढायचं आणि नखाकडं बघायचं, ही सवय. चिंचवडच्या घाटाच्या पायऱ्या त्यांनी मधोमध आणि कडेला अशा दोन्ही ठिकाणी मोजल्या होत्या. कुठली पायरी लोकांच्या पायांनी झिजली आणि कुठली पाण्यानं, ते सांगत. कुणी विचारलं नसलं तरी सांगत.

साइटवरच्या मुकादमानं विचारलं, "साहेब, उद्या येणार नव्हं?" तर उत्तर मिळे, "उद्या हे फार बारीक माप आहे. महिन्याचं विचार."

एकदा माझ्या चपलेकडं बघून म्हणाले, "तुझी टाच डावीकडून झिजते. चाळिशीत गुडघा धरेल." माझा गुडघा बेचाळिसाव्या वर्षी धरला. दोन वर्षांची चूक. त्यांच्या लेखी एवढी चूक म्हणजे चूकच नाही.

त्यांचा सगळा विश्वास होता खुंटीवर. कुठलंही माप घ्यायचं तर आधी एक पक्की खुंटी रोवायची आणि पुढची सगळी मापं तिच्यापासून घ्यायची, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं. "माणूस आठवणीनं बोलतो," म्हणायचे, "खुंटी जागेवरून बोलते." एका गवंड्यानं एकदा त्यांची खुंटी उपटून तिला म्हैस बांधली, तर त्यांनी गवंड्याला काही केलं नाही. दोन दिवस जेवले नाहीत, एवढंच.

हे सगळं मोजण्याचं वेड आलं होतं एका घरावरून.

गुहागरच्या खालच्या अंगाला एका लहान गावात त्यांच्या थोरल्या बहिणीचं घर होतं. तिला ते अक्का म्हणत. अक्का विधवा, एकटी. घर समुद्राच्या कड्यावर, म्हणजे अगदी कड्यावर. वर जांभ्याचा दगड, खाली मऊ माती, आणि त्या मातीला पावसाळाभर लाटांच्या धडका. खालून माती निघून जाते, वरचा जांभा अधांतरी राहतो आणि कधीतरी तुटून पडतो. असा तो कडा वर्षावर्षाला घराकडं सरकत होता. दहा वर्षांपूर्वी ओव्हरसियरांनी अक्काच्या अंगणात हातभर लोखंडी गज रोवून त्याचं डोकं तांबडं रंगवलं होतं. तिथून कड्याची धार बावन्न फूट. दर भाऊबीजेला जायचं, आधी खुंटी ते कडा मोजायचं आणि मगच ओवाळून घ्यायचं, असा त्यांचा नेम. आणि बहीणभावात करार ठरलेला: अंतर चाळीस फुटांच्या आत आलं की अक्कानं घर सोडायचं आणि भावाकडं राहायला यायचं. अक्कानं तुळशीसमोर हो म्हटलं होतं.

बावन्नाचे पन्नास झाले, अठ्ठेचाळीस झाले, सहा वर्षांत त्रेचाळीसवर आले. ओव्हरसियरांनी चिंचवडगावात अक्कासाठी म्हणून एक जास्तीची खोली भाड्यानं घेतली. आणि मग कडा थांबला.

कडा का थांबला हे शोधायला त्यांनी परसात समुद्र बांधला.

समुद्र म्हणजे आठ फुटांचा विटांचा हौद. एका टोकाला जांभ्याचा चुरा, चुना आणि माती थापून केलेला हातभर उंचीचा कडा, दुसऱ्या टोकाला बिजागरीवर हलणारी फळी. फळी हलवायला शिवणयंत्राचा पायानं दाबायचा पायटा. ते यंत्र घ्यायला आम्ही पिंपरी कॅम्पात गेलो, तेव्हा सिंधी दुकानदारानं मोठ्या अगत्यानं विचारलं, "क्या सिलना है, साईं?" ओव्हरसियर म्हणाले, "समुंदर." त्यानं माझ्याकडं बघितलं. मी दुकानाबाहेरच्या पाटीकडं बघत राहिलो.

पायटा मारायचा मी. सुट्टीच्या दिवशी सायकलनं चिखलीहून यायचं आणि लाटा काढायच्या. एक तास म्हणजे एक वर्ष, असं प्रमाण त्यांनी काढलं होतं. ते कड्याशी पट्टी घेऊन बसत आणि मी अर्धा दिवस पाय हलवून अर्धं दशक पार करत असे. घरमालकीण पाटलीणबाई रोज येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या.

"ओव्हरसिअर, तुमचा समुद्र आमची हीर पिऊन ऱ्हायलाय. उन्हाळ्यात आमी काय प्यावं?"

"खारं नाही बाई, गोडंच पाणी आहे. परत विहिरीत ओततो."

"नगं. त्यात तुमच्या मिशा पडत्यात."

एकदा माझे वडील भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन आले. मुलाचे साहेब बघावेत, मुलाचं काम बघावं, म्हणून. काम चालू होतं. मी पायटा मारत होतो.

वडील जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "दोन एकर इकली तुला शिकवायला. शिंपी व्हायचं हुतं तर गावात न्हाई का जमलं?"

मी घाईघाईनं झीज, लाटांचं बळ वगैरे सांगायला लागलो. वडिलांचं लक्ष नव्हतं. ते हौदाशी उकिडवे बसून कड्याच्या बुडाकडं बघत होते. "वरनं काय मोजताय साहेब," ते म्हणाले. "हे बुडातनं खातंय. आमच्या इंद्रायणीचा काठ असाच जातो. चार वरीस ढिम्म. पाचव्या वर्साला बैलासकट."

ओव्हरसियरांनी वही काढली आणि वडिलांचं बोलणं शब्दन् शब्द लिहून घेतलं. 'बैलासकट' हासुद्धा शब्द. मी दोन वर्षांत शंभर मतं दिली होती, त्यातलं एकही त्यांनी लिहून घेतलं नव्हतं.

आणि खरंच, हौदातला कडा तसाच वागायचा. तासन् तास काही नाही, मग ढेकळासारखा तुकडा. कधी सात तासांनी, कधी तिसांनी. पण पडायचा नक्की. कोकणातला मात्र पडत नव्हता. ओव्हरसियरांना हे सहन होईना. "खुंटी खोटं बोलणार नाही," ते म्हणायचे, "म्हणजे हौद चुकतोय." मग त्यांनी कड्यात चुना वाढवला. तरी पडला. गुळाचं पाणी घातलं, बेलफळाचा गर घातला. शेवटी कडा एवढा टणक झाला की पाटलीणबाईंचा नातू त्याच्यावर उड्या मारायचा आणि ढिम्म काही व्हायचं नाही. ओव्हरसियर म्हणाले, "आता जुळलं." पण चेहरा जुळल्यासारखा दिसला नाही.

त्या दिवाळीत त्यांनी मला कोकणात बरोबर नेलं. पुण्याहून एस.टी., मग घाट, मग दुसरी एस.टी., मग चार मैल पायी. वाटेत त्यांच्या जुन्या वह्यांमधली मापं मी माझ्या सुवाच्य अक्षरात एका नव्या वहीत उतरवली. गेल्या तीन वर्षांचा आकडा एकच: त्रेचाळीस फूट दोन इंच.

अक्का अंगणातच उभी होती. अडुसष्ट वर्षांची, बारकी, ताठ. भावाला म्हणाली, "आलास? बस तरी जरा. समुद्र पळून नाय जात." ओव्हरसियर बसले नाहीत. कमरेला दोर बांधला, त्याचं दुसरं टोक माडाला बांधलं, आणि पालथं पडून सरपटत कड्याच्या धारेपर्यंत गेले. मी खुंटीशी टेप धरून बसलो.

"वाच," तिकडून हाक आली.

"त्रेचाळीस फूट दोन इंच."

हे चौथं वर्ष. आणि मला कॉलेजातली प्रयोगशाळा आठवली. तिथं आम्ही दोघं-तिघं प्रयोग न करता शेजाऱ्याच्या वहीतले आकडे उतरवायचो, आणि सर वही उघडताच ओळखायचे. "निसर्ग एवढा आज्ञाधारक नसतो," म्हणायचे. फूट जुळतील एक वेळ. चार वर्षं इंचसुद्धा जुळतात म्हणजे कुणीतरी उतरवतंय.

नव्या वहीत पहिल्या वर्षाची एक ओळ मीच लिहिली होती: 'घराच्या जोत्यापासून खुंटी तेरा फूट.' ते माप पुन्हा कुणी घेतलंच नव्हतं. खुंटी हलत नाही, मग घ्यायचं कशाला? मी सहज म्हणून जोत्यापर्यंत पावलं टाकली. जेमतेम सात फूट भरले.

वर बघितलं तर अक्का दारात. "तू आत ये," ती म्हणाली. "पोहे झालेत."

स्वयंपाकघरात तिनं पोह्यांची ताटली माझ्यापुढं ठेवली आणि फडताळातून काथ्याची एक दोरी काढून तीही ठेवली. "त्रेचाळीस नि दोन बोटं," म्हणाली. "चार वर्षांपूर्वी मापून कापलीय."

पाऊस संपला की कोकणात अंगण नव्यानं करतात. उखणलेली जमीन खणून, चोपून, वर शेणानं सारवतात. त्याला खळं म्हणतात. दरवर्षी दिवाळीआधी अक्का गड्याकडून खळं करून घ्यायची तेव्हा धारेपासून दोरी धरून खुंटी घराकडं सरकवायची, आणि जुनं भोक मातीनं बुजवायची. वर सारवण. भाऊ यायचा तेव्हा अंगण कसं आरशासारखं.

"त्याला सांगू नकोस," अक्का म्हणाली. "मी तुमच्या चिंचवडला येऊन काय करू? सकाळी उठून बघू काय? कारखाना?"

"पण अक्का, कडा पडला तर?"

"माझं घर, माझा कडा. तुला पोह्यावर ओलं खोबरं घालू?"

आता मी प्रामाणिक होतो म्हणून सांगितलं, असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. तसं नव्हतं. अक्काच्या जिवाची काळजीही वाटली, नाही असं नाही. पण जे ओव्हरसियरांना चार वर्षं सापडलं नाही ते बी.एस्सी.ला एका सकाळी सापडलं, ही गोष्ट माझ्या पोटात राहण्यासारखी नव्हती. खोबरं घातलेले पोहे संपवून मी बाहेर आलो आणि म्हणालो, "साहेब, खुंटी ते जोतं एकदा मोजू या."

"कशाला? खुंटी हलते का?"

"मोजू या तर खरं."

त्यांनी मोजलं. सात फूट. पुन्हा मोजलं. मग टेप उलट्या बाजूनं धरून मोजलं. मग जोत्यापासून तेरा फुटांवर गुडघे टेकून फूटपट्टीच्या कोपऱ्यानं सारवण खरवडलं. खाली बुजवलेलं भोक निघालं. तिथून पुन्हा सरपटत धारेपर्यंत. या खेपेला कमरेला दोर बांधायचं विसरले.

"सदतीस फूट दोन इंच," ते तिथूनच म्हणाले. उठले, अंगावरची माती न झटकता माझे दोन्ही खांदे धरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "म्हणजे पडतोय रे. कडा पडतोय. माझा हौद पहिल्यापासून बरोबर होता. मी उगाच गूळ घातला."

"बरं झालं हो," दारातून अक्का म्हणाली. "आता पेढे वाट."

तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं. खांद्यांवरचे हात हळूच खाली आले. ते पायरीवर जाऊन बसले. खालून लाटांचे दणके येत होते.

"अक्का, चाळीस ठरलं होतं."

"ठरलं होतं. खुंटीपासून. खुंटी त्रेचाळीसवर आहे."

"ही खुंटी तू सरकवलीस."

"मग? कडा सरकतो, मी सरकले, तेवढी खुंटीच काय ती सोवळी?" ती त्यांच्याजवळ येऊन बसली. "तू आयुष्यभर मोजलंस. मला एकच माप सांग. मी अडुसष्ट वर्षांची. घर किती वर्षं राहील? माझ्यामागं पडणार असेल तर मला त्याचं काय?"

मला राहवलं नाही. मनात हिशेब झालाच होता. "घरापासून धार पन्नास फूट. वर्षाला सरासरी दीड फूट. तेहतीस वर्षं."

"एकशे एक," अक्का म्हणाली. "पुष्कळ झाली. शिकलेला आहे हो तुझा हा."

ओव्हरसियरांनी माझ्याकडं बघितलं. साइटवर कुणी चुकीची ओळ लिहिली की ते असे बघत. "सरासरीनं कडा पडत नाही," ते म्हणाले. "याचा बाप सांगतो ते खरं. चार वर्षं ढिम्म, पाचव्या वर्षी बैलासकट. हौदात कधी सात तास लागतात, कधी तीस. खालून किती पोखरलंय ते वरून कळत नाही."

"मग कधी जाईल?"

"आणखी चाळीस वर्षांनी जाईल. येत्या पावसात जाईल."

"त्यातलं कुठलं?"

"माहीत नाही, अक्का."

मी त्यांच्या हाताखाली दोन वर्षं काढली होती. त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले. अक्कानंही बहुधा पहिल्यांदाच ऐकले असावेत, कारण ती भांडायची थांबली.

ते उठले आणि घराच्या मागं गेले. मागं काजूची झाडं होती आणि त्यांच्यापलीकडं चढ, तीही अक्काचीच जमीन. टेप पायरीवरच राहिला होता. ते नुसती पावलं टाकत झाडांपलीकडं गेले, वळून समुद्राकडं बघितलं, पुन्हा आणखी मागं गेले, आणि बऱ्याच वेळानं परत आले.

"घर मागं घेऊ," म्हणाले. "चिरे तेच, वासे तेच, कौलं तीच. एकेक काढायचं आणि वर नेऊन रचायचं. चढावरून समुद्र दिसतो. मी बघितला."

"तू म्हणतोस चिंचवड..."

"चिंचवडला येऊ नकोस."

"आणि हे सगळं करणार कोण?"

"मी."

"तुझी नोकरी?"

ते टोपीची नाडी सोडत बसले. अक्कानं त्यांच्याकडं बघितलं, मग दोरी उचलून कमरेला खोचली. "ऊठ," म्हणाली. "पाट मांडलाय. ओवाळायचं राहिलंय. या शिकलेल्यालाही बसव, त्याला तरी इथं बहीण कुठली."

त्या घराचं पुढं काय झालं ते इथंच सांगतो. चौथ्या पावसाळ्यात एका सकाळी ते खळं, ती तांबडी खुंटी आणि जुन्या जोत्याची पुढची पायरी एकदम समुद्रात गेली. ओव्हरसियरांचं पोस्टकार्ड आलं: 'अक्का वर चहा घेत होती. कप हलला. बाकी ठीक.' अक्का पुढं नव्वदीपर्यंत जगली आणि शेवटपर्यंत म्हणायची की जुन्या घरातून समुद्र जास्त चांगला दिसायचा.

पण त्या भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी एकटाच परत निघालो. ओव्हरसियर एस.टी.पर्यंत सोडायला आले. गाडी येईपर्यंत एका पारावर बसून त्यांनी रजेचा अर्ज लिहिला, घडी करून माझ्या खिशात घातला आणि म्हणाले, "मोठ्या इंजिनिअरांना दे. माझ्या जागी तुला घ्यावं, असंही खाली लिहिलंय. पदवी आहे, कामाला येईल." मी काहीतरी बोलायला गेलो, तर ते माझ्या चपलेकडं बघत होते.

सोमवारी मी अर्ज मोठ्या इंजिनिअरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला. 'बहिणीच्या घराचे काम' हे कारण वाचून मान हलवली. मग पेन काढलं आणि थांबले.

"किती दिवसांची रजा, ते लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "एवढा टापटिपीचा माणूस. विसरले वाटतं."

"विसरले नाहीत, साहेब."

"मग मी इथं काय भरू?"

"मोकळंच राहू द्या," मी म्हणालो.